जीपचा सातवा पाटा

नामा घरतच्या दुकानाला पाटी नाही. कधीकाळी होती, पण द्रोणागिरीकडे जाणारा रस्ता रुंद होत असताना एका डंपरच्या फाळक्यात अडकून ती गेली ती गेलीच, आणि नामाने नवी करायची तसदी घेतली नाही. ज्याची गाडी मागून बसलीय तो आपल्याला शोधत येतोच, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. चिंचेखाली पत्र्याची शेड, शेडबाहेर गंजक्या पाट्यांचा ढीग आणि त्या ढिगावर बसून चहा पिणारे ट्रेलरवाले, एवढ्या खुणेवर बंदरापासून गव्हाण फाट्यापर्यंतचा कुठलाही ड्रायव्हर तिथे येऊन पोचतो.

पाटा म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवरची वाकवलेली पोलादी पट्टी. अशा पट्ट्यांची चळतच असते, एकाखाली एक, खाली खाली आखूड होत जाणारी. गाडीत भराल तो सगळा भार ही चळत पाठीवर घेते. भार तिच्या आवाक्याबाहेर गेला की ती सपाट होते, गाडी मागून बसते आणि चाक वरच्या पत्र्याला घासायला लागतं. मग चळतीत एक पाटा वाढवायचा, जुन्यांना पुन्हा कमान द्यायची आणि गाडी उचलून उभी करायची. नामाची हयात या एका कामात गेली.

या कामात त्याची एक खोड आहे, आणि तिच्यापायी त्याने गिऱ्हाइकांची बरीच बोलणी खाल्ली आहेत. रिकाम्या गाडीला तो हात लावत नाही. 'भार दाखव,' हे त्याचे पहिले शब्द. भाजीवाल्याने गोण्या भरून यायचं, मंडपवाल्याने खांब आणि गाद्या लादून यायचं, कॅटरिंगवाल्याने रिकामी का होईना पण सगळी पातेली घेऊन यायचं. उलव्याचा एक व्यायामशाळेवाला तर तोंड वाकडं करत लोखंडी वजनांची अख्खी खोली गाडीत घालून आला होता. भरलेल्या गाडीखाली शिरून नामा शेवटचे बोल्ट आवळणार, बाहेर येऊन चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत आपला पंजा उभा घालणार, आणि पंजा मोकळा फिरला तरच मान डोलावणार. दुसरे मिस्त्री कागदावर वजन लिहून घेतात. नामाला कागदावरच्या वजनाचा भरवसा नाही.

ही खोड त्याला लावली ती त्याच्या स्वतःच्या जीपने. आणि जीपचं सांगायचं तर आधी शेवंताबाईचं सांगायला हवं, कारण जीप नावावर नामाच्या असली तरी ती होती शेवंताबाईची.

शेवंताबाई म्हणजे नामाची बायको, आणि पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर. आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून लेक सासरी धाडेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो कुठे लिहिलेला नसतो. धवलारीण एक ओळ म्हणते, मागच्या बायका ती उचलतात, आणि त्या उचलत असताना धवलारणीला पुढची ओळ सुचते. असं ते गाणं बायकांच्या तोंडून तोंडात चालत आलेलं. पुरुषांचा त्याच्याशी संबंध काय, तर मांडवाचे बांबू आणायचे आणि गप्प बसायचं.

पोटापाण्याची मिठागरं बंद पडली तेव्हा नामाने कळंबोलीला एका सरदारजी मिस्त्रीच्या हाताखाली कमानीचं काम शिकून घेतलं, आणि हात बसल्यावर रस्त्याकडेला आपली शेड टाकली. जुनी जीप त्याने पनवेलच्या एका वडापवाल्याकडून उचलली. कंपनीने ती मोजक्या माणसांसाठी केली होती, पण शेवंताबाईच्या मागच्या बायकांना हे कंपनीने कधी कळवलं नव्हतं. जासईला लग्न असो की पेणच्या बाजूला, त्या झाडून सगळ्या यायच्या. एकमेकींच्या मांडीवर बसायच्या, पायाशी बसायच्या, आणि सगळ्यांच्या वर पानाची पिशवी सांभाळत चांगुणाबाय बसायची. चांगुणाबाय अंगाने चांगलीच भरलेली होती आणि तिला त्याचा अभिमानही होता.

पहिल्याच मोठ्या लग्नाहून परतताना जीपने हाय खाल्ली. चाक मडगार्डला घासून रबराचा जळका वास सुटला, आणि अर्ध्या बायकांना उतरून पायी चालावं लागलं. बायकांनी नामाची जी टिंगल केली ती गावात पुरून उरली. 'लोकांच्या गाड्या उभ्या करतो, न सोताची बसवतो,' असं चांगुणाबाय पाणवठ्यावर महिनाभर सांगत होती. नामाला ते लागलं. त्याने भंगारातला ट्रकचा एक उत्तम पाटा निवडला, कापला, भट्टीत लाल केला, ठोकून त्याला कमान दिली आणि जीपच्या सहा पाट्यांत सातवा घातला. दोन्ही बाजूंना.

आणि तिथे त्याने चूक केली. पाटा त्याने रिकाम्या जीपला, अंदाजाने बसवला. पुढच्या लग्नाला बायका बसल्या मात्र, जीप मागून अशी ताठ उभी राहिली की पहिल्या खड्ड्याला सगळ्यांची डोकी वरच्या कांबीवर आपटली. शेवंताबाईच्या कपाळाला टेंगूळ आलं, आणि ते मिरवत तिने त्या लग्नात धवला म्हटला. नवरीपेक्षा जास्त लोक तिच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी नामाने सगळ्या बायकांना दुकानावर बोलावलं आणि जीपमध्ये बसायला सांगितलं. जीप जागची हलणार नव्हती. त्या नुसत्या बसून राहायच्या आणि नामा खाली पडून कमान कमीजास्त करणार. त्याने पाटा काढला, ठोकला, घातला, पुन्हा काढला. बायकांनी आधी शेंगा खाल्ल्या. मग सासवांची निंदा करून झाली, मग सुनांची. शेवटी कंटाळून कोणीतरी धवल्याची एक ओळ सुरू केली आणि बाकीच्यांनी ती उचलली. नामा खाली पाठीवर पडला होता, चेहऱ्यावर ग्रीस, हातात पाना, आणि जीपच्या तळाच्या पत्र्यातून ते गाणं त्याच्या अंगावर उतरत होतं. शेवटचा बोल्ट त्याने नीट आवळला आणि तरी तो बाहेर आला नाही. गाणं संपेपर्यंत तो खालीच पडून राहिला. 'झोपलात का काय,' असं शेवंताबाईने वाकून विचारलं तेव्हा 'बोल्ट ढिला हाय,' असं तो म्हणाला.

ते दिवस आठवले की नामाचा ऊर आजही भरून येतो. त्या दिवसानंतर जीप भरली की लोण्यासारखी चालायची. शेवंताबाईची जागा ठरलेली, मागच्या उजव्या बाकाचं पुढचं टोक, नामाच्या पाठीला पाठ लावून. गाव सुटलं की ती गळा मोकळा करायची. लग्नघर येईपर्यंत अख्खा धवला एकदा म्हणून व्हायचा. जीपमध्ये टेप बसवून घे म्हणून सगळे मागे लागले होते, पण नामाने तो कधीच बसवला नाही. मागे एवढं चाललेलं असताना टेपची गरज काय, असं तो म्हणायचा, आणि रस्त्यावर नजर ठेवून गाडी हाकायचा.

मग दिवस फिरले, जसे या भागात सगळ्यांचेच फिरले. शेतांवर गोदामं उभी राहिली, गावाच्या माथ्यावरून पूल गेले, आणि नामाचा मुलगा हरेश नोकरीच्या निमित्ताने खांदेश्वरला फ्लॅट घेऊन राहिला. लग्नात डीजे आले. हळदीच्या रात्री स्पीकरच्या भिंती उभ्या राहू लागल्या, आणि त्या भिंती वाहणारे टेम्पो मागून बसू लागले. ते टेम्पो कोणाकडे येणार? नामाकडेच. 'भार दाखव,' म्हणून नामा त्यांचे स्पीकर मोजून घ्यायचा आणि पाटे चढवायचा. शेवंताबाई चहा घेऊन आली की त्या टेम्पोकडे बघून म्हणायची, 'घाला, चांगला जाड पाटा घाला. माजा आवाज बुडवायला नीट जाऊ द्या त्यांना.' ती हसत म्हणायची, पण नामाला ते हसणं सोसायचं नाही. धवल्याची बोलावणी कमी झाली, मग थांबली. जीप शेडमागे उभी राहू लागली. बाजारहाटापुरती निघाली की रिकामी जीप खड्ड्याखड्ड्याला उडायची, कारण तिच्या पाठीचे सात पाटे न येणाऱ्या भाराची वाट बघत ताठ उभे होते.

या पावसाळ्यात शेवंताबाई नळावर घसरून पडली. मणका दबला. काही आठवडे अंथरुणात काढल्यावर ती काठी घेऊन हिंडू लागली, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, प्रवासात धक्का बसता कामा नये. आणि नेमकं याच वर्षी हरेशच्या मुलीचं, सोनलचं लग्न ठरलं.

सोनल ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. ती मुद्दाम सुट्टी काढून गावी आली आणि आजीच्या पायाशी बसली.

'आजी, हळदीला डीजे असू दे, फ्रेंड्स सोडणार नाहीत. पण लग्नाच्या दिवशी धवला तूच म्हणायचास. बाकी कोणाला येत पण नाही आता.'

'बायका कुठं हायत मागनं म्हनायला?' शेवंताबाई म्हणाली.

'मी माइक लावते ना. टेन्शन नको घेऊस.'

शेवंताबाई हो म्हणाली. नातीला नाही म्हणणं तिला जमलंच नसतं. पण त्या दिवसापासून नामाच्या कानावर एक गोष्ट पडू लागली. स्वयंपाकघरात ती धवला सुरू करायची आणि मध्येच थांबायची. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा त्याच जागी थांबायची. पुढची ओळ येत नव्हती. एरवी मागच्या बायकांनी ओळ उचलेपर्यंत तिला श्वास मिळायचा आणि त्या श्वासात पुढचं आठवायचं. आता भिंत काही ओळ उचलत नव्हती. पडण्याने तिच्या पाठीचं झालं त्याहून जास्त नुकसान अंथरुणातल्या त्या आठवड्यांनी तिच्या गाण्याचं केलं होतं, आणि हे तिला कळत होतं. नातीच्या मांडवात, सगळ्या नातेवाइकांपुढे, माइकसमोर ओळ अडली तर? ती भीती तिने बोलून दाखवली नाही. फक्त एकदा म्हणाली, 'जीपनी जाऊ. जीपमधी बसले का आठवल मना.'

हरेशने डोक्याला हात लावला. 'आई, त्या जीपमध्ये? डॉक्टर काय म्हणाले विसरलीस? माझी गाडी पाठवतो, सीट मागे टाकून झोपून ये. कळणार पण नाही कधी पोचलीस.'

'तुजी गाडी मऊ हाय रं बाला. हास्पिटलातनं त्यातच आणलीस ना मना. पन त्या काचा बंद केल्या का माजं तोंडपन बंद होतं.'

हरेशने बापाकडे बघितलं, आणि नामा चिंचेकडे बघत राहिला. पोराचं खरं होतं आणि बायकोचंही खरं होतं. जीप कडक होती, आणि ती कडक कोणी केली हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने एक गोष्ट करून पाहिली. शेवंताबाईच्या ठरलेल्या जागी पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी ठेवली, हलू नये म्हणून चहूबाजूंनी गोधड्या दाबल्या, आणि वेशीपासून पुलापर्यंत जाऊन आला. बैलगाडीच्या चालीने हाकूनही कळशी अर्धी झाली, बाकीचं पाणी गोधड्या प्यायल्या. 'माज्या गोधड्या कोनी भिजवल्या?' असं शेवंताबाईने विचारलं तेव्हा नामाने मांजराचं नाव घेतलं. मांजर गोधड्या कळशीभर कसं भिजवेल हे तिने विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं.

आता जीप मऊ करायला दोनच वाटा होत्या. एक तर ती पूर्वीसारखी भरायची. भरली की सातही पाटे वाकतात आणि मऊ चालतात. नाहीतर सातवा पाटा काढायचा. नामा आपल्या खोडीप्रमाणे आधी भार बघायला निघाला. शेवंताबाईच्या मागे म्हणणाऱ्या ज्या ज्या बायका होत्या त्यांच्या दारी गेला.

बऱ्याच दारी आता फक्त फोटो होते. एकीला मुलाने ऐरोलीच्या टॉवरमध्ये नेलं होतं आणि ती लिफ्टच्या भीतीने खाली उतरत नव्हती. एक पडवीत बसली होती, तिने नामाला ओळखलं नाही, पण पाहुणा समजून चहा घ्यायचा आग्रह केला. नामाने तो घेतला. चांगुणाबाय तेवढी होती. अंग ओसरलेलं, कान गेलेले. नामाने ओरडून सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली आणि तितक्याच जोरात ओरडून विचारलं, 'शेवंता जीपनी चाललीय? धवला म्हनत?' सगळ्या आळीने ते ऐकलं.

परतताना नामाने मनात भार जोखला. शेवंताबाई आणि चांगुणाबाय, एवढाच भार. दोघी मिळून पूर्वीच्या एका चांगुणाबायएवढ्या भरल्या नसत्या.

त्याने जीप जॅकवर घेतली, लाकडी ठोकळे लावले आणि खाली शिरला. बोल्ट गंजून बसले होते, त्यांना तेल पाजावं लागलं. सातवा पाटा सुटून हातात आला तेव्हा त्याच्यावर त्याच्याच हातोडीचे ठोके दिसत होते, तरुण हाताचे, जरा जास्तच जोराचे. नामा तो पाटा छातीवर घेऊन तसाच पडून राहिला. वरचा पत्रा गप्प होता. कितीतरी लोकांच्या गाड्यांतून त्याने पाटे काढले होते, पण असं वाटलं नव्हतं. आपल्याच हाताने घरातली एखादी खोली पाडावी तसं त्याला झालं, आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहिलं ते त्याने वाहू दिलं. गाडीखाली बघायला कोण येतंय?

शेवंताबाई आली. काठी टेकत शेडमागे आली आणि जमिनीवर ठेवलेला पाटा तिने बघितला.

'काढलात?'

'भार नाय गो,' नामा खालूनच म्हणाला. 'कोनासाठी ठेवू?'

जीप खाली उतरवल्यावर ती तिच्या जागी बसली, जरा हलून बघितलं. 'मऊ हाय,' म्हणाली. पडली तेव्हाही न रडलेली ती बाई पदराने डोळे पुसून घरात गेली. नामाने दोन्ही बाजूंचे पाटे भंगाराच्या ढिगावर टाकायला उचलले, पण हात वळला नाही. जीपच्याच बाकाखाली त्याने ते सरकवून दिले.

लग्नाच्या सकाळी हरेशने गावच्या पाहुण्यांसाठी बस पाठवली, एसी, पडदे लावलेली. नामाने जीप दारात आणून उभी केली. शेवंताबाई हिरव्या लुगड्यात, पाठीला पट्टा बांधून, हळूहळू आपल्या जागी बसली. चांगुणाबाय आली. तिच्यामागून शेजारची सून सुचिता आली. तिच्यामागून आणखी एक. नामाने वळून बघितलं तर आळीतल्या सुना, पुतणसुना, कॉलेजातल्या पोरी, कोणी हातात फोन, कोणी कडेवर मूल घेऊन, बसच्या बाजूने न जाता जीपकडे येत होत्या.

'तुमी बसनी जा ना गो,' नामा म्हणाला. 'धवला येतो का कोनाला?'

'येत नाही म्हणूनच आलो, काका,' सुचिता म्हणाली. 'चांगुणाकाकीने सगळीकडे सांगितलंय. पुन्हा कधी ऐकायला मिळणार? मागनं म्हणू ना, जमेल तसं.'

आणि त्या चढल्या. मांडीवर बसल्या, पायाशी बसल्या. जीप मागून खाली गेली, आणखी खाली गेली. नामाने चाक आणि मडगार्डच्या फटीत पंजा घातला. उभा जाईना, आडवा कसाबसा गेला. साऱ्या रस्त्याला भार मागणाऱ्या माणसाने आपल्याच जीपचा भार चुकवला होता. तो फक्त जुन्या दारांना विचारून आला होता. ज्यांना गाणं येतं तेवढाच भार त्याने धरला, ज्यांना हवं होतं त्यांच्याकडे तो गेलाच नव्हता.

'थोड्या जनी उतरा,' तो म्हणाला. 'चाक घासल.'

'कोनी उतरायचं नाय,' शेवंताबाई म्हणाली. 'हलू चालवा.'

नामाने हळू चालवली. गतिरोधक आला की चाक पत्र्याला घासून घर्र करायचं आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा. पण दोन्ही बाजूंनी बायकांनी दाबून धरलेली शेवंताबाई जागची हलली नाही. गाव सुटलं. कंटेनरांच्या रांगेशेजारून जाताना तिने घसा साफ केला, आणि पहिली ओळ म्हटली.

मागच्या पोरींनी ती उचलली. कोणी वर, कोणी खाली, एकीने शब्दच चुकवला आणि बाकीच्या हसल्या. शेवंताबाईने थांबून पुन्हा म्हटली. जासईचा पूल येईपर्यंत त्या सावरल्या. नामाच्या पाठीमागे, त्याच्या पाठीला पाठ लावून, इतक्या वर्षांनी तो आवाज पुन्हा होता, जरा चिरलेला, पण तोच. त्याला खूप बरं वाटलं. चाकाच्या घासण्याचं त्याला भानही उरलं नाही.

गव्हाण फाट्याला वळण घेतलं आणि ती थांबली.

तीच जागा होती, स्वयंपाकघरातली. बायकांनी मागची ओळ म्हटली आणि वाट बघितली. शेवंताबाईने ती ओळ पुन्हा म्हटली. बायकांनी पुन्हा उचलली. पुढे काही नाही. चांगुणाबायला ऐकूच येत नव्हतं, ती खिडकीबाहेर विमानतळाकडे बघत होती. नामाने आरशात बघितलं. शेवंताबाईचे ओठ हलत होते आणि त्यांतून शब्द येत नव्हता. पाठीचं दुखणं सोसताना तिचा चेहरा कधी एवढा घाबरलेला त्याने पाहिला नव्हता.

'मिठाच्या वाटंला गो लेक थबकली,' नामा म्हणाला.

गाण्याच्या सुरात नाही. ट्रेलरवाल्याला रस्ता सांगावा तसं, समोर बघत, सरळ. एका सुनेने तोंडावर पदर घेतला; पुरुषाच्या तोंडून धवला कोणी ऐकला होता?

मग शेवंताबाईच्या आवाजात ती ओळ आली, सुरात, पूर्ण. बायकांनी ती उचलली आणि गाणं पुढे चाललं. पुढे आणखी एकदा अडलं, तेव्हा नामाने पुन्हा सांगितली, आणि या वेळी कोणी पदर घेतला नाही. पनवेलच्या अलीकडे एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शेवंताबाई मान न वळवता म्हणाली, 'एवढी वर्षं ऐकत होतात?'

'मागं बसून तूच म्हनत होतीस. कान कुठं ठेवू?'

खांदेश्वरच्या हॉलमध्ये सोनलने आजीसाठी मऊ गादीची खुर्ची ठेवली होती, माइक लावला होता, आणि जीपमधून उतरलेल्या पोरींना तिने ओळीने मागे बसवलं. शेवंताबाई बसली, सगळीकडे बघितलं, आणि हरेशला जवळ बोलावून म्हणाली, 'तुज्या बापाला एक खुर्ची दे. माज्या मागं, पाठीला पाठ लावून.'

'आई, बायकांच्यात? लोक काय म्हणतील?'

'म्हनू दे. तो गाडी चालवनारा हाय.'

हरेशने स्वतः खुर्ची आणून ठेवली. नामा मांडवाकडे पाठ करून, समोर जेवणाच्या पातेल्यांकडे बघत बसला. सबंध धवल्यात त्याला दोनदाच तोंड उघडावं लागलं, आणि तेही इतक्या हळू की माइकने ऐकलं नाही. सोनलने मात्र ऐकलं. ती अंतरपाटाआड हसत होती आणि रडत होती.

संध्याकाळी परत निघायच्या वेळी बस हॉर्न वाजवत होती. पोरी तिच्याकडे न बघता पुन्हा जीपमध्ये चढत होत्या. नामाने सवयीने फटीत पंजा घातला, आडवा, आणि मान हलवली.

'उद्या पाटा परत टाका,' शेवंताबाई आपल्या जागेवरून म्हणाली. बाकाखाली काय ठेवलंय हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. 'जासईच्या एका पोरीचं लग्न हाय पुढच्या महिन्यात. मांडवातच बोलावनं आलं.'

'भार दाखव,' नामा म्हणाला. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

दाराशी एक पोरगी जागा नाही म्हणून ताटकळली होती. शेवंताबाईने दुखऱ्या पाठीने बाकावर थोडं सरकून पदर आवरला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवून तिला म्हणाली, 'चल गो, बस हितं.'